खिशातला फोन, शेजाऱ्याचा मनोरा

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गज' चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला आदळलं आणि तंजावर जिल्ह्याचा पट्टुकोट्टै-पेरावुरणीकडचा नारळपट्टा आडवा करून गेलं. माडांबरोबर विजेचे खांब गेले. वीज गेली की मोबाइलचा मनोरा बॅटरी आणि डिझेल पुरेल तेवढाच तग धरतो. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी १८१४-१५ मध्ये नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ बांधलेला आठमजली 'मनोरा' याच किनाऱ्यावर आहे. उंच जागेवरूनच दूरचं दिसतं, कळतं, ही समजूत तेव्हाची, आणि मोबाइलची सगळी व्यवस्थाही त्याच समजुतीवर उभी आहे.

म्हणून मनोरा बंद पडला की घराघरांत चार्ज असलेले फोन नुसते पडून राहतात. प्रत्येकात चांगला रेडिओ असतो, पण बहुतेक जाळ्यांत फोन एका लहरीवर बोलतो आणि दुसरीवर ऐकतो. मनोऱ्याचं नेमकं उलटं असतं. त्यामुळे एका पाटावर ठेवलेले दोन फोनही मोबाइलच्या लहरींवरून एकमेकांना ऐकू शकत नाहीत. हा दोष यंत्राचा नाही, आखणीच तशी आहे.

मधल्या कुणीतरी निरोप पुढे द्यावा, ही कल्पना मात्र मोबाइलपेक्षा जुनी. १९७१ मध्ये वान डेर म्युलेन यांनी तीन टोकांच्या संदेशवहनाचं गणित मांडलं: एक बोलणारा, एक ऐकणारा आणि मधला मदतनीस. १९७३ पासून अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने कॅलिफोर्नियात टेकड्यांवर रेडिओ ठेवून हाच प्रकार प्रत्यक्षात आणला. मदतनीस असल्याचा फायदा मोठा असतो. दाट वस्तीत अंतर निम्मं झालं की लागणारी शक्ती साधारण सोळाव्या हिश्शावर येते. दोन टप्पे धरले तरी एकूण आठवा हिस्साच.

दुसरी वाट अँटेनांकडून आली आणि मला तीच जास्त रंजक वाटते. १८०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे सतरा सेंटिमीटर लांब असते. तंजावरच्या राजवाड्यासारख्या जाड भिंतींच्या आवारात ती इकडून तिकडून आपटून येते, तुकडे एकमेकांना खोडतात आणि फोन वीतभरसुद्धा न सरकवता, आठेक सेंटिमीटर हलवला तरी आवाज जातो किंवा परत येतो. उपाय म्हणजे एकापेक्षा अधिक अँटेना, एकमेकींपासून दूर. पोल्लाचीचे आरोग्यस्वामी पॉलराज आणि पुण्यात जन्मलेले, तिथेच अभियांत्रिकी शिकलेले थॉमस कैलाथ यांनी १९९२ मध्ये स्टॅनफर्डमधून याच दिशेने, अनेक अँटेनांमधून एकाच वेळी वेगवेगळी माहिती पाठवण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. आजच्या वाय-फाय आणि फोरजी-फाइव्हजीत ते तंत्र रुजलं आहे.

पण फोन मुठीएवढा, त्यात अँटेना लांब लांब ठेवायच्या कुठे? उत्तर होतं: शेजाऱ्याच्या खिशात. १९९८ मध्ये सेंडोनारिस, एर्किप आणि आझांग यांनी मांडलं की दोन माणसांनी एकमेकांचे फोन जादा अँटेना म्हणून वापरावेत. एकाची वाट भिंतीआड गेली तरी दुसऱ्याची बहुधा मोकळी असते. २००३ मध्ये त्यांनी ते सविस्तर छापलं आणि त्यावर शेकडो प्रबंध उभे राहिले.

मग ते आपल्या हातात का नाही? १९९९ च्या सुमारास थ्रीजीच्या मानकांत फोनावरून फोनावर उड्या घेत जाणारी पद्धत चर्चेत होती, पण ती मागे पडली. २००० मध्ये पीयूष गुप्ता आणि मद्रासच्या आयआयटीत शिकलेले पी. आर. कुमार यांनी दाखवलं की सगळेच एकमेकांचे निरोप पुढे ढकलू लागले तर गर्दी वाढते तसा प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घटत जातो. म्हणून सरसकट नव्हे, निवडक आणि थोडेच टप्पे हवेत. २०१५-१६ मध्ये मानकांत फोन-ते-फोन बोलणं आलं, तेही मुख्यतः पोलीस आणि बचाव पथकांसाठी. २०२२ च्या फाइव्हजी मानकाने फोनाला दुसऱ्या फोनासाठी मध्यस्थ होण्याची सोय दिली.

माझ्या मते रेडिओचं गणित बरंचसं सुटलं आहे, अडलंय ते देण्याघेण्यात. पडून असलेला फोन रिकामा दिसतो, पण ऐकत राहिला, दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवत राहिला, की बॅटरी त्याच्याच मालकाची झिजते. त्याला बदल्यात काय मिळणार, दुसऱ्याचा मजकूर त्याच्या फोनातून जाताना गुप्त कसा राहणार आणि एका कंपनीच्या ग्राहकाने दुसरीच्या ग्राहकाला का मदत करावी, हे गणितज्ञांना विचारण्यासारखे प्रश्न नव्हेत. अॅपलने २०१९ मध्ये हरवलेली उपकरणं शोधायला अनोळखी आयफोनांची मदत घेतली, ती चालली याचं कारण काम अगदी हलकं ठेवलं: ब्लूटूथवर ऐकलेली एक छोटी खूण, सांकेतिक भाषेत बांधलेली जागा, बस्स. संभाषणाचा भार याच्या कित्येक पट जड आहे, आणि त्या भाराचा मोबदला कंपन्यांनी मालकाच्या बिलात वजा करून दाखवल्याशिवाय कुणी आपणहून तो उचलेल असं मला वाटत नाही.