गोटमारीची कथा आणि ‘संदर्भ हवा’

एका घटनेविषयी दोन पक्ष दोन गोष्टी सांगू लागले, म्हणजे कोशकारापुढे पेच उभा राहतो. आपल्या जुन्या मध्यप्रांतात, रायपूरला जन्मलेले श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला, तेव्हा अखेरचा शब्द संपादक म्हणून त्यांचा होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला आकारास आलेल्या मराठी विश्वकोशातही नोंदीला लेखक असतो आणि तिच्यामागे संपादक उभा असतो. परंतु जेथे कोणीही लिहावे व कोणीही खोडावे, तेथे निवाडा कोणी करावयाचा?

विकिपीडिया हा मुक्त कोश २००१ साली इंग्रजीत आणि २००३ साली मराठीत सुरू झाला, आणि हा प्रश्न त्याच्या दारी पहिल्यापासूनच आला. त्याने काढलेला मार्ग शासकीय नस्ती हाताळलेल्यांना परका वाटणार नाही. प्रत्येक फेरफार ‘इतिहासा’त जपून ठेवला जातो, खोडलेले नष्ट होत नाही. मतभेद लेखात न मांडता चर्चापानावर मांडावयाचे असतात. आधार नसलेल्या विधानापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण पडते. एकमेकांचे लिखाण पुनःपुन्हा उलटविणाऱ्यांना आवर घातला जातो. इंग्रजी विकिपीडियात एका लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा तसे करता येत नाही. तरीही न मिटल्यास त्रयस्थांचे मत घेतात. निर्णय मते मोजून होत नाही, आधार तोलून होतो.

तोलणे म्हणजे काय, हे शिवजन्मतिथीच्या वादावरून स्पष्ट होते. उत्तरकालीन बखरींच्या आधारे शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया मानली जात असे. पुढे लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद मिळाली. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतानेही तिला दुजोरा दिला. १९६६ साली शासनाने समिती नेमली. १९ फेब्रुवारी ही तारीख शासनाने २००१ साली स्वीकारली. तटस्थ लेखक येथे दोन्ही तिथींची सरासरी काढीत नाही. कोणते साधन समकालीन, कोणते उत्तरकालीन, हे सांगून तो त्या प्रमाणात प्रत्येकाला जागा देतो. तटस्थता म्हणजे मधोमध उभे राहणे नव्हे.

असे वाद नेहमीच चर्चापानावर मिटतात असे नाही. छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी विकिपीडियाला नोटीस पाठविली व काही संपादकांवर गुन्हा नोंदविला. लोकांचा क्षोभ खरा होता. तथापि कोणते साधन किती विश्वसनीय, हा प्रश्न आदेशाने सुटत नाही. तो साधनांच्या चिकित्सेनेच सुटतो.

आता आपल्या अंगणात पाहू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावची मुलगी घेऊन निघाला व नदीत दोन्ही काठांवरून दगड आले, अशी एक कथा. भोसल्यांच्या सैनिकांच्या युद्धसरावातून हा खेळ निघाला, अशी दुसरी. हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. गोटमारीत माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत, आणि प्रथा चालू ठेवावी म्हणणारे याच कथांचा हवाला देतात. म्हणून ‘तीनशे वर्षांपूर्वी असे घडले’ हे लिहिणे निराळे आणि ‘अशी लोककथा सांगतात’ हे लिहिणे निराळे. जखमींची संख्या मात्र प्रशासनाच्या नोंदींतून व त्या त्या वेळच्या वृत्तपत्रांतून पडताळता येते. कथेला कथेचे आणि नोंदीला नोंदीचे वजन द्यावे, एवढाच न्याय.

या नियमाची एक बाजू आपल्याला जड जाते. विकिपीडिया अप्रकाशित पुरावा स्वीकारीत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. या सीमेवरच्या मराठी कुळांचा इतिहास मात्र अद्याप पेट्यांतच आहे : मोडीतील हिशेबवह्या, सनदा, मालगुजारीचे कागद. पेटीतला कागद कितीही खरा असला, तरी दुसऱ्याला तो पडताळता येत नाही. आणि जे पडताळता येत नाही, त्या रिकाम्या जागी सांगोवांगीच्या गोष्टी येऊन बसतात.

तेव्हा ज्यांच्या घरी असे कागद असतील, त्यांनी जाणकाराकडून त्यांचे लिप्यंतर करवून घ्यावे, मूळ कागद कोठे ठेवला आहे हे नमूद करावे आणि ते छापावेत. आपल्या पूर्वजांविषयी कोणी काही चुकीचे लिहिले, तर रागावून ते खोडण्यापेक्षा त्याच्यापुढे छापील पान ठेवता येणे अधिक उपयोगाचे.