सायकलीची मूठ

इतिहास म्हटला म्हणजे तह, लढाया, वतनें आणि वंशावळी यांचीच आपणांस सवय जडलेली आहे. त्यामुळें सायकलीच्या मुठीचा इतिहास सांगावयास निघालेल्या मनुष्याकडे वाचक थोड्या संशयानें पाहतील, हें मी जाणून आहें. पण हा विषय मीं शोधलेला नाहीं. तोच माझ्या हातांत येऊन बसला. गेल्या फाल्गुनांत धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळांत मी एक मोडी कागद पाहत होतों. कागद जुना, घडीवर चिरलेला. तो उलगडण्यासाठीं हात पुढें केला, तों उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचें बोट हीं दोन्ही आपलीं नव्हेतच, असें मला वाटलें. कागद त्या बोटांना टेकला आहे कीं नाहीं, हेंच समजेना. इतकीं वर्षें टिकलेला कागद माझ्या हातून फाटतां फाटतां राहिला.

कारण शोधावयास फार दूर जावें लागलें नाहीं. त्या दिवशीं पहांटे जळगांवाहून निघून, बांभोरीजवळचा गिरणेचा पूल ओलांडून, पाळधीवरून एरंडोलपर्यंत सुमारें ३० किलोमीटर मी सायकलीनें आलों होतों. सायकल घडीची, एरंडोलला तिची घडी घातली, ती एस. टी.मध्यें पायांशीं ठेवली आणि पारोळ्यावरून धुळ्यास येऊन उतरलों. पाय ताजे होते, पाठीची तक्रार नव्हती; दुखणें होतें तें फक्त हातांत. ज्या राजवाड्यांनीं कागदांसाठीं महाराष्ट्र पायीं तुडवला, त्यांच्या नांवानें १९२७ सालीं स्थापन झालेल्या संस्थेंत बसून, चाकांवर आलेल्या माणसानें दोन बोटांविषयीं कुरकुर करावी, याची लाजही वाटली. पण लाजेनें बोटें जागीं होत नाहींत.

मराठींत हाताची मूठ आणि हत्याराची मूठ यांना शब्द एकच आहे. आपल्याकडील जुन्या अवजारांत धरावयाचा भाग धरणाऱ्याच्या हातावरूनच ठरत असे. कुऱ्हाडीचा दांडा किंवा नांगराचें रुमणें गांवचा सुतार बाभळीच्या लांकडाचें करी, कुणब्याच्या हातांत देऊन पाही, आणि बोचत असेल तेथें पुन्हां तासून देई. राहिलेलें काम घाम आणि वर्षें करीत. तीन पिढ्यांनीं ओढलेला जात्याचा खुंटा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस मी काय म्हणतों तें कळेल. रोज हातांत धरावयाची, पण जिची मूठ आपला हात न पाहतां हजारों मैलांवर ठरलेली आहे, अशा ज्या वस्तु आपल्या घरांत आल्या, त्यांपैकीं सायकल ही एक आरंभींची होय.

ती ठरविणाऱ्यांनींही प्रथम हाताचा विचार फारसा केला नाहीं. १८६० नंतरच्या लोखंडी धांवेच्या यंत्रास इंग्लंडांत लोकांनीं 'हाडें खिळखिळीं करणारें' असेंच नांव ठेवलें होतें. पुढें एक चाक अवाढव्य आणि एक चिमुकलें अशा उंच सायकली आल्या. त्यांच्या मुठी शिंगाच्या किंवा काळ्याभोर लांकडाच्या असत, दिसावयास सुरेख आणि हाताला केवळ दगड. १८८५ मध्यें कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ली यानें साखळीनें मागचें चाक फिरविणारी बेताच्या उंचीची सायकल बनविली, आणि १८८८ मध्यें डनलॉपनें हवेचा टायर काढला. हाताला खरा विसांवा प्रथम मिळाला तो या टायरानें, मुठीनें नव्हे. त्याच सुमारास बुचाच्या मुठी प्रचारांत आल्या. बूच हलकें, उन्हांत न तापणारें आणि थंडींत न गारठणारें. पण तें झिजतें, त्याचे तुकडे पडतात. म्हणून चामडें आलें, मग सेल्युलॉइड आलें, जें शोभिवंत खरें, पण तडकणारें आणि आगीला क्षणांत वश होणारें. शेवटीं स्वस्त, काळें, ओबडधोबड रबर आलें आणि तेंच जगभर रूढ झालें.

खानदेशांत सायकल रुळली ती याच रबरी मुठीसह. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगांव आणि धुळें हीं दोन मुख्य ठिकाणें झालीं. दोन्हीकडे कचेऱ्या, शाळा आणि कापडाच्या गिरण्या. अंमळनेर आणि चाळीसगांव येथेंही गिरण्या. सपाट काळ्या मातीचा मुलूख, लांब सरळ रस्ते. कारकून, मास्तर, गिरणीचे जॉबर यांना सायकल सोयीची होती. ती बहुधा विलायती असे: रॅले नॉटिंगहॅमची, हर्क्युलिस आणि बी. एस. ए. बर्मिंगहॅमच्या. देशी कारखाने जोमानें उभे राहिले ते स्वातंत्र्यानंतर: मद्रासेजवळचा टी. आय. १९४९ मध्यें, सोनिपतचा अ‍ॅटलस १९५१ मध्यें, लुधियान्याचा हीरो १९५६ मध्यें. नगरपालिकेचा पितळी बिल्ला आणि रात्रीं दिवा नसल्यास होणारा दंड यांच्या आठवणी पुष्कळांनीं लिहिल्या आहेत. मुठीविषयीं कोणीं लिहिलेलें माझ्या पाहण्यांत नाहीं.

माझे आजोबा चाळीसगांवीं गिरणींत कारकून होते. त्यांची रॅले आमच्या घरीं अद्याप आहे, आणि तिच्या दोन्ही मुठींवर जुन्या धोतराच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून वरून सुतळीनें बांधलेल्या आहेत. वडील सांगत कीं हा आजोबांचा काटकसरीचा स्वभाव. पण मी लहानपणापासून ती सायकल चालविली आहे, आणि त्या फडक्याच्या मुठींनीं माझा हात कधीं बधिर झाल्याचें स्मरत नाहीं. मग आजच्या, नव्या, मऊ मुठींनीं तो कां व्हावा?

या प्रश्नाचें उत्तर मुठींत नसून दांड्यांत आहे, असें माझें मत झालें आहे. जुन्या सायकलीचें हँडल चालविणाऱ्याकडे वळून येतें. त्यावर हात ठेवला म्हणजे, एखाद्याशीं हस्तांदोलन करतांना मनगट जसें सरळ असतें, तसेंच तें राहतें. बसणारा ताठ बसतो आणि शरीराचा भार बहुतेक बैठकीवर पडतो. याच्या उलट आजच्या बहुतेक घडीच्या सायकलींचें हँडल आडवें, सरळ आणि आखूड असतें. मनगट बाहेरच्या बाजूस मुरडतें आणि तळहाताची करंगळीकडील कड मुठीवर दाबली जाते. नेमक्या याच जागीं मनगटाशीं एक अरुंद मार्ग आहे. त्याचें वर्णन गुयाँ या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १८६१ मध्यें केलें. करंगळीची नस त्या मार्गानें जाते. सायकल चालवून ही नस दबते व बोटें बधिर होतात, हें देस्तो नांवाच्या दुसऱ्या फ्रेंच वैद्यानें १८९६ मध्येंच लिहून ठेवलें. म्हणजे माझें दुखणें सव्वाशें वर्षांचें जुनें निघालें. संशोधकाला यानें थोडें समाधान वाटतें, हें कबूल करतों.

हँडल सरळ कां झालें, हें घडीच्या सायकलीचा इतिहास पाहिला म्हणजे समजतें. ही कल्पना नवी नाहीं. १८९० नंतरच्या दशकांत फ्रेंच सैन्यांत कॅप्टन जेरार याची घडीची सायकल होती. शिपायानें ती चालवावी आणि वाट संपली कीं पाठीवर घ्यावी. दुसऱ्या महायुद्धांत बी. एस. ए.नें छत्रीधारी सैनिकांसाठीं हजारों घडीच्या सायकली केल्या. १९६२ मध्यें मोल्टन यानें लहान चाकांची सायकल काढली. १९७५ च्या सुमारास लंडनमध्यें अँड्र्यू रिची यानें ब्रॉम्प्टनची जुळणी आरंभली. १९८२ मध्यें कॅलिफोर्नियांत डेव्हिड हॉन यानें डाहॉन काढली. घडीची सायकल करणाऱ्यांची मुख्य चिंता एकच: घडी लहान व्हावी. वळलेलें हँडल घडींत मावत नाहीं, तें कोठेंतरी अडतें. म्हणून वळण गेलें. चाक १६ किंवा २० इंचांचें झालें, आणि लहान चाक रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मोठ्या चाकापेक्षां अधिक इमानानें हातापर्यंत पोंचवितें. पूर्वी वळणानें आणि मोठ्या चाकानें जें काम होत असे, तें सारें आतां बोटभर जाडीच्या मुठीवर येऊन पडलें आहे.

म्हणून घडीच्या सायकलीची मूठ निवडणें हें शोभेचें काम नव्हे. माझ्या सायकलीवर आल्या होत्या त्या स्पंजाच्या मुठी. हातांत धरतांना त्या लोण्यासारख्या वाटतात. परंतु भार पडला कीं स्पंज दबून जातो आणि आंतली नळी त्याच नसेखालीं येते. शिवाय तो घाम पितो आणि वैशाखांत आंबतो. त्या बदलून मीं जळगांवच्या बाजारांतून पी. व्ही. सी.च्या चकचकीत मुठी आणल्या. जळगांवांत या पदार्थाच्या नळ्यांचा मोठा उद्योग आहे आणि येथील प्लॅस्टिकच्या चटया दूरवर जातात. तेव्हां या वस्तूविषयीं आपलेपणा वाटणें साहजिक होतें. पण नळी कठीण असते, मूठ मऊ करावी लागते, आणि ती मऊ करणारें तेलकट द्रव्य पारा ४४-४५ अंशांवर गेला कीं पृष्ठावर येऊं लागतें. दुपारीं कॉलेजांतून घरीं पोंचलों, तों दोन्ही तळहात चिकट आणि त्यांवर धुळीचा थर.

शेवटीं धुळ्यास आग्रा रोडलगतच्या एका गल्लींत वृद्ध मिस्त्रीकडे गेलों. सगळे त्यांना आबा म्हणतात. मीं माझें सर्व ज्ञान, गुयाँ आणि देस्तो यांच्यासह, त्यांच्यापुढें मांडलें. त्यांनीं तें ऐकून घेतलें आणि म्हणाले, "सर, तुम्ही पकडता कसं, ते आधी दाखवा." मीं मूठ धरली. त्यांनीं माझी बोटें पाहिलीं. मधल्या बोटाचें टोक अंगठ्याच्या मुळापाशीं येतें कीं नाहीं हें चांचपलें. फार जाड मूठ असेल तर बोटें ताणून धरावीं लागतात, फार बारीक असेल तर आवळावीं लागतात. लहान हाताच्या बायकांनीं तर ही परीक्षा अवश्य करावी, कारण बाजारांतील बहुतेक मुठी पुरुषाच्या पंजावरून केलेल्या दिसतात. मग फळीवरच्या रंगीत, गोंडे लावलेल्या मुठींकडे माझी नजर गेलेली पाहून आबा हंसले. "मूठ हातले बरी वाटनी पाहिजे, डोयाले नही."

त्यांनीं काढून दिली ती बुचाचा चुरा आणि रबर यांच्या मिश्रणाची, बाहेरच्या बाजूस पंखासारखी पसरट होत गेलेली मूठ. पंखावर तळहाताची कड टेकते आणि दाब एका रेषेवर न राहतां पसरतो. वळणानें जें साधत असे, त्याचा थोडासा अंश त्यानें परत मिळतो. मात्र पंख नेमक्या कोनांत बसावा लागतो. हात, मनगट आणि मूठ एका रेषेंत येईपर्यंत तो फिरवावा, आणि मग आंतल्या कड्याचा स्क्रू आवळावा. गोंदानें चिकटविलेली मूठ उन्हांत गोलगोल फिरूं लागते, आणि पंखाची मूठ फिरली तर ती साध्या मुठीहून वाईट. उजवीकडे गिअर फिरविण्याचें कडें असल्यामुळें पूर्ण लांबीची मूठ बसेना. आबांनीं करवतीनें आंतलें टोक कापून ती आखूड केली. मग त्यांनीं जें केलें तें माझ्या डोक्यांत आलेंही नव्हतें. पैसे घेण्याआधीं त्यांनीं सायकलीची घडी घातली. पंख चाकाच्या आऱ्यांना घासत होता. हँडल बोटभर वर घेऊन पुन्हां घडी घातली, तेव्हां तो सुटला.

त्यानंतर एरंडोलच्या पांच-सहा खेपा झाल्या. करंगळी आतां कागद ओळखते. मात्र वाटेंत पाळधीला उतरून हात झटकण्याची संवय मीं लावून घेतली आहे, आणि तिचें श्रेय मुठीस देतां येत नाहीं.

जुन्या मुठी काढतांना आबांनीं नळीची जाडी मोजली होती: २२.२ मिलिमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें सात अष्टमांश इंच. घरीं आल्यावर कुतूहल वाटून आजोबांच्या रॅलेच्या पट्ट्या मीं प्रथमच सोडल्या. आंत मूठ नव्हतीच. उघडी लोखंडी नळी होती, आणि तिच्यावर रबराचा एक काळा, कडक झालेला कण. मोजली, तर तीही सात अष्टमांश इंचच. आबांकडून आणखी एक जोड आणला आणि तो तिच्यावर चढवला, तो बसला. वडिलांनीं एक फेरी मारून पाहिली, आणि फडकेंच बरें होतें असें सांगून पट्ट्या परत मागितल्या.