लाल परचम की तिरंगी?

इन्किलाब-ए-फ्रान्स म्हटले की माझ्या वर्गातली मुले १७८९ च्या बास्तीयपाशी थांबतात. १८४८ सालीही तिथे एक क्रांती झाली, तिची आठवण कोणी काढत नाही. पण झेंडा कोणाचा, हा प्रश्न तेवढ्या उघडपणे इतिहासात क्वचितच विचारला गेला असेल.

२३ फेब्रुवारीच्या रात्री पॅरिसच्या कापुसिन रस्त्यावर शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या. सुमारे पन्नास माणसे पडली. लोकांनी मृतदेह गाडीवर घालून मशालींच्या उजेडात शहरभर फिरवले. दुसऱ्या दिवशी राजा लुई फिलिपने तख्त सोडले आणि नगरभवनात हंगामी सरकार बसले. २५ तारखेला हत्यारबंद कामगार त्या इमारतीला भिडले. तिरंगी उतरवा, लाल झेंडा चढवा, ही त्यांची मागणी होती. मागणी गैर म्हणता येत नाही. १८३० पासून अठरा वर्षे तिरंगी त्याच राजाच्या महालावर फडकत होता. त्याच्या शिपायांच्या गोळ्या लोकांनी नुकत्याच खाल्ल्या होत्या.

गंमत अशी, की लाल झेंडा मुळात लोकांचा नव्हता, सरकारचाच होता. ऑक्टोबर १७८९ च्या कायद्याने ठरले होते, की जमाव हटेना तर आधी लाल निशाण दाखवायचे, मग बंदूक चालवायची. १७ जुलै १७९१ रोजी शां-द-मार्सच्या मैदानात नेमके तेच घडले. पुढे गरिबांनी ते निशाण सरकारच्या हातून काढून घेतले आणि आपल्या रक्ताचा रंग म्हणून उंच धरले.

सरकारच्या वतीने समोर आला कवी लामार्तीन. १८५४ च्या ‘तुर्कस्तानचा इतिहास’ या ग्रंथामुळे आपल्यातल्या काहींना हे नाव ओळखीचे असेल. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की लाल झेंड्याने शां-द-मार्सला फेरी मारली तीही लोकांच्या रक्तातून फरफटत. तिरंगी मात्र देशाचे नाव आणि स्वातंत्र्य घेऊन जगभर फिरला. जमाव विरघळला. मंत्रिमंडळात लुई ब्लाँ लाल झेंड्याच्या बाजूने होता, पण त्याचे चालले नाही. कामगारांच्या समाधानासाठी झेंड्याच्या काठीला एक लाल फुलगुच्छ लावण्याचे ठरले. त्याच दिवशी प्रत्येकाला काम देण्याचे वचनही सरकारने जाहीर केले.

मला वाटते, खरा सौदा इथेच झाला. झेंडा सरकारचा राहिला आणि भाकरीचा वायदा कामगारांच्या पदरात पडला. चार महिन्यांत वायदाही मोडला. जूनमध्ये सरकारी कार्यशाळा बंद करण्याचा हुकूम निघाला, कामगार पुन्हा रस्त्यावर आले आणि २३ ते २६ जूनच्या लढाईत हजारो माणसे मारली गेली. बंड मोडणारा जनरल काव्हेन्याक हा अल्जेरियाच्या मोहिमांत तयार झालेला. त्याचा साथीदार लामोरिसिएरही तिथलाच. अल्जेरियात गावे जाळून जे शिकले, ते त्यांनी पॅरिसच्या गल्ल्यांत वापरले. पकडलेल्यांपैकी काहींना पुढे हद्दपार करून अल्जेरियातच धाडले.

तिरंगी जगभर फिरला, हे लामार्तीनचे म्हणणे खोटे नव्हते. पण अल्जेरियाच्या लोकांनी तो कसा फिरला ते पाहिले होते. अमीर अब्दुल कादिर डिसेंबर १८४७ मध्ये शरण आले, ते अलेक्झांड्रिया किंवा अक्का इथे जाऊ देण्याच्या वचनावर. वचन देणारा हाच लामोरिसिएर. राजा गेला, प्रजासत्ताक आले, तरी अमीर कैदेतच राहिले. तुलाँ, मग पो, आणि नोव्हेंबर १८४८ मध्ये आँब्वाझचा किल्ला. प्रजासत्ताकाने आपली नवी घटना मंजूर केली तीही त्याच नोव्हेंबरात. तिच्यात अल्जेरिया हा फ्रान्सचा मुलूख असल्याचे लिहिले होते. अमिरांची सुटका झाली १८५२ च्या ऑक्टोबरमध्ये, तीही लुई नेपोलियनच्या हातून, आणि तोवर प्रजासत्ताकाचे दिवस भरत आले होते.