सीडी ड्राइव्हची ओळखपरेड

संगणक रीस्टार्ट केला आणि ‘माय कॉम्प्युटर’मधून सीडी ड्राइव्ह नाहीसा झाला, ही एकेकाळी दुरुस्तीच्या दुकानांतली नेहमीची तक्रार होती. ड्राइव्ह बिघडला, असा निष्कर्ष चटकन निघे. पुष्कळदा तो चुकीचा असे.

फिलिप्स आणि सोनी यांनी १९८३ मध्ये सीडी-रॉमचं मानक मांडलं. ड्राइव्ह संगणकाला जोडायचा कसा, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवलं. मित्सुमी, सोनी, पॅनासॉनिक यांचे कनेक्टर वेगवेगळे. ते बरेचदा साउंड कार्डावरच असत. डॉस या तेव्हाच्या कार्यप्रणालीला त्यासाठी दोन ओळी लिहून द्याव्या लागत : कॉन्फिग.सिसमध्ये ड्रायव्हरची, ऑटोएक्झेक.बॅटमध्ये एमएससीडीईएक्स या प्रोग्रॅमची. दोन्हींत ड्राइव्हला दिलेलं नाव तंतोतंत जुळलं नाही, तर बूट झाल्यावर ड्राइव्हला अक्षरच मिळत नसे.

पुढे सीडी ड्राइव्ह हार्ड डिस्कच्या आयडीई केबलवर आला, म्हणजे दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणूनच. त्यासाठी एटीएपीआय नावाची व्यवस्था केली गेली आणि तिच्यातली युक्ती खरोखर देखणी आहे. रीसेट झाल्यावर असा ड्राइव्ह आपल्या दोन रजिस्टरांत १४ आणि ईबी हे हेक्साडेसिमल आकडे ठेवतो. ‘तू कोण?’ हे हार्ड डिस्कला विचारायच्या आज्ञेनं विचारलं, तर तो ती नाकारतो. त्याच्यासाठीची वेगळी आज्ञा आली, तरच उत्तर देतो. त्यामुळे संगणक सुरू करणारा जुना बायोस त्याला हार्ड डिस्क समजण्याची चूक करत नसे. पण ही खूण न कळणाऱ्या बायोसच्या लेखी तिथे काहीच नसे.

त्यात जंपरची भर. तो लावून ठरवायचं : एका केबलवर एक मास्टर, एक स्लेव्ह. दोघंही मास्टर ठेवले तर कधी एक दिसेनासा होई, कधी दोन्ही.

रीस्टार्ट करायची कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ही कळांची जुळणी डेव्हिड ब्रॅडली यांनी आयबीएमच्या १९८१ च्या पीसीसाठी योजली. तिनं संगणक पुन्हा सुरू होई, पण वीज तुटत नसे. ड्राइव्हचं फर्मवेअर अडकलं असेल, तर ते तसंच अडकून राहू शके. म्हणून जाणता कारागीर आधी बटण बंद करून थोडा थांबे. तेवढ्यानं ड्राइव्ह परत दिसला, तर केबल बदलायची घाई नको.

जानेवारी १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम यांनी ‘एल टोरिटो’ हे मानक आणलं आणि सीडीवरून थेट बूट करता येऊ लागलं. निदानाला मोठा आधार मिळाला : सीडीवरून बूट होतंय, म्हणजे केबल आणि ड्राइव्ह बहुधा ठीक, दोष विंडोजमध्ये शोधायचा.

विंडोज एक्सपीच्या काळात तो अनेकदा रजिस्ट्रीत सापडे. सीडी लिहिण्याची सॉफ्टवेअर तिथे ‘अपरफिल्टर्स’, ‘लोअरफिल्टर्स’ अशा नोंदी करत आणि काढून टाकल्यावरही त्या मागे राहत. या नोंदी एका ड्राइव्हच्या नव्हे, साऱ्या वर्गाच्या. त्यामुळे नवा ड्राइव्ह विकत आणून बसवला तरी तोही चालत नसे. त्या नोंदी काढून रीस्टार्ट करा, असा सल्ला खुद्द मायक्रोसॉफ्टनं दिला होता. ड्राइव्ह परत येई. सीडी लिहिण्याचं सॉफ्टवेअर मात्र कधी कधी पुन्हा टाकावं लागे.