हातात हात आणि वीस उदाहरणे

गणिताची परीक्षा म्हटली की एक बाक, एक विद्यार्थी असेच चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु युरोपात बाल्टिक समुद्राकाठी माध्यमिक विद्यार्थ्यांची एक निराळी स्पर्धा भरते. तिच्या नावामागे मोठा इतिहास आहे.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी हिटलर व स्टालिन यांच्या सरकारांनी गुप्त करार करून पूर्व युरोप वाटून घेतला. १९४० मध्ये एस्टोनिया, लाटविया व लिथुआनिया हे तीन छोटे देश सोव्हिएत संघराज्यात बळजबरीने सामील केले गेले. बरोबर पन्नास वर्षांनी, २३ ऑगस्ट १९८९ रोजी, तेथील सुमारे २० लाख लोक हातात हात घालून उभे राहिले. टॅलिन, रीगा व व्हिल्नियस या राजधान्या जोडणारी ही साखळी ६०० किलोमीटरहून लांब होती. तिला ‘बाल्टिक वे’ म्हणतात.

१९९० मध्ये रीगा येथे याच नावाने गणित स्पर्धा सुरू झाली. पाच विद्यार्थ्यांचा संघ, साडेचार तास, २० उदाहरणे. विचारविनिमयाला पूर्ण मुभा. गुण मात्र संघाला. पुढे शेजारची राष्ट्रेही आली. दूरच्या आइसलँडलाही निमंत्रण मिळाले, कारण या देशांच्या स्वातंत्र्याला त्याने सर्वप्रथम मान्यता दिली होती.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत शेजाऱ्याचे पाहणे ही चोरीच. पण परीक्षेपूर्वी मागे पडलेल्या सोबत्याला उदाहरण समजावून देणे हे विद्यादान आहे. त्याने आपलेही गणित पक्के होते. पालकांनीही मुलांना एवढे अवश्य सांगावे.