शेपटीचा गळ

युबिक्विटिन हे जेमतेम ७६ अमिनो आम्लांचं प्रथिन. १९७५ साली गिडियन गोल्डस्टाइन यांनी गुरांच्या थायमस ग्रंथीतून ते वेगळं काढलं. जिथे शोधावं तिथे ते सापडू लागलं, म्हणून ‘सगळीकडे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं बारसं झालं. ते करतं काय, हे मात्र कोडंच होतं.

कोडं सुटू लागलं हैफाच्या टेक्निऑन संस्थेत. पेशी नकोशी प्रथिनं मोडते कशी, हे अव्राम हर्श्को आणि त्यांचे विद्यार्थी आरोन चेहानोव्हर शोधत होते. हाताशी होता सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशींचा अर्क, हिमोग्लोबिननं गच्च भरलेला. त्यांनी तो सरळ तापवला! हिमोग्लोबिन साकळून खाली बसलं, हवा तो घटक वरच्या पाण्यात शाबूत राहिला. तेच युबिक्विटिन, हे १९८० मध्ये कळलं. मोडीत काढायच्या प्रथिनाला ते खुणेसारखं चिकटतं. या कामासाठी दोघांना अर्विन रोझ यांच्यासह २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मला मात्र खुणेचं हत्यार झालं ती गोष्ट अधिक मोलाची वाटते. युबिक्विटिन चिकटतं शेपटीच्या टोकानं, ७६व्या ग्लायसिननं. ती गाठ सोडणारी एन्झाइमं माणसात शंभराच्या आसपास आहेत. गाठ सोडली की ती निघून जातात, मग ओळखायची कशी? हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये हिडे प्लूख यांच्या प्रयोगशाळेनं २००१ मध्ये शेपटीच्या टोकाशी व्हिनाइल सल्फोन हा रासायनिक गट गळासारखा बसवला. एन्झाइममधलं सिस्टीन हे अमिनो आम्ल नेहमीची गाठ समजून त्यावर झडप घालतं आणि कायमचं अडकतं. वर्षभरात गळाला दोरीही आली: युबिक्विटिनच्या दुसऱ्या टोकाला फ्लूच्या विषाणूतला नऊ अमिनो आम्लांचा तुकडा. त्याला ओळखणारी अँटिबॉडी घातली की गळासकट मासा वर येतो. या कुळात कोणी गणलीही नव्हती अशी एन्झाइमं त्यातून हाती लागली.

१९९० च्या दशकात सापडलेला ‘सुमो’ हा युबिक्विटिनचा भाऊबंद. त्याच्याही शेपटीला पुढे असाच गळ लागला.

आज हे बदललेलं युबिक्विटिन बहुधा ई. कोलाय जिवाणूकडून बनवून घेतात आणि शेपटीचं टोक नंतर रसायनांनी जोडतात. ‘सगळीकडे’ असं नाव मिळालेलं हे प्रथिन त्या जिवाणूत मुळात नसतंच, ते चिकटवणारी यंत्रणाही नसते, आणि म्हणूनच तिथे तयार झालेलं युबिक्विटिन कशालाही न चिकटता, सुटं हाती येतं.