परहेज

सूतगिरणी चौकातून गारखेड्याच्या आत वळलं की थोड्या थोड्या अंतरावर पाट्या दिसतात. वजन घटवा, डाएट प्लॅन मिळेल, पावडरचा डबा सोबत. पाटीखाली बसलेल्याने काय शिकलंय, हे कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. पण भाचीने पदवीला आहारशास्त्र घेतलं आणि आमच्या घरात उलटाच प्रश्न निघाला. तिचे अब्बा म्हणाले, "खाण्यापिण्याचं शिकायला कॉलेज कशाला? तुझी नानी काय शिकली होती?" माणूस जुन्या विचारांचा नाही. फीचा हिशेब करत होता, एवढंच.

त्यांच्या प्रश्नामुळे मी या विद्येचा माग काढू लागलो.

मराठीत आपण पथ्य म्हणतो, आमच्या घरातल्या दखनीत परहेज म्हणतात. वैद्य आणि हकीम दोघेही औषधाच्या आधी खाण्याकडे बघत. अकराव्या शतकात बगदादच्या इब्न बुतलानने 'तक़वीम अस-सिहा' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात खाद्यपदार्थांचे चक्क तक्ते आहेत: पदार्थाचा स्वभाव काय, फायदा काय, अपाय काय आणि तो अपाय कसा टाळावा. भाचीच्या अभ्यासातही तक्तेच तक्ते असतात. फरक इतकाच, की तिथे उष्ण आणि सर्दच्या जागी ग्रॅम आणि कॅलरी आल्या.

हे ग्रॅम आपल्याकडे मोजले जाऊ लागले ते नीलगिरीतल्या कुन्नूरला. बेरीबेरीच्या शोधासाठी 1918 मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन या डॉक्टरने तिथे छोटं काम सुरू केलं, त्यातूनच पुढे न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज उभी राहिली. त्याचा एक प्रयोग मला फार आवडतो. त्याने उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातल्या एकेका समाजाचं जेवण घातलं. शिखांचं जेवण जेवणारे उंदीर सगळ्यांत धष्टपुष्ट निघाले, त्यांच्यामागे पठाण, मग मराठे. पॉलिश केलेल्या तांदळावर जगणारा मद्रासी गट शेवटी राहिला. गहू, दूध, डाळ, भाजी यांचा मेळ कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्याला दाखवायचं होतं. पण आपल्याकडचे लोक असा प्रयोग वाचताना आधी आपला नंबर कितवा आला ते बघतात. मीही तेच केलं.

मॅकॅरिसननंतर आलेल्या आयक्रॉइडने 1937 मध्ये भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांचे तक्ते छापले, हेल्थ बुलेटिन नंबर 23. याच कुन्नूरला पुढे आपल्या मराठी कमला सोहोनी सहायक संचालक झाल्या.

दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनतज्ज्ञ. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला आणि संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या मुलगी आहेत म्हणून नकार दिला. नोबेल मिळवलेल्या माणसाचा नकार म्हणजे विषय संपला, असं कुणीही म्हटलं असतं. त्या बंगळूरला जाऊन अडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष तात्पुरतं, आणि त्यांच्यामुळे पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. तिथे त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. मग केंब्रिजला गेल्या आणि 1939 मध्ये पीएच.डी. घेऊन परतल्या. विज्ञानात ती पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर संशोधन केलं. ताडाच्या झाडाचा तो गोड रस गरिबांच्या मुलांना आणि गरोदर बायकांना पोषक ठरतो का, हा त्यांचा प्रश्न होता. माझ्या मते त्यांचं मोठेपण केंब्रिजपेक्षा या प्रश्नात जास्त आहे. मेहुण्यांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ती एकटी होती. आपल्या पोरीला नोकरी कुठे लागणार ते सांग."

कुन्नूरची संस्था 1958 मध्ये हैदराबादला आली आणि 1969 पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था झाली. हैदराबाद आम्हाला परकं नाही, औरंगाबाद 1948 पर्यंत निजामाच्याच राज्यात होतं. तिथल्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये एक कोडं मांडलं. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होत होता, कातडी काळवंडून सोलत होती. तेव्हा हा रोग मक्याचा समजला जाई आणि ज्वारीत तर मक्यासारखी उणीव दिसत नव्हती. त्यांनी बोट ठेवलं ते ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिनवर. आमची अम्मी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली, 1972 च्या दुष्काळात लाल मिलो आणि सुकडी खाल्लेली. भाकरीत दोष नाही, नुसत्या भाकरीत आहे, हे तिला सांगायला तेव्हा कुणी नव्हतं.

आता अम्मीला मधुमेह आहे. एका दवाखान्यातून तिला छापील डाएटचा कागद मिळाला. उपमा, पनीर, मोड आलेले मूग, दोन फुलके. आमच्या चुलीवरचं त्यात काहीच नव्हतं, आणि रमजानबद्दल एकच ओळ होती: उपवास करू नये. अम्मीने कागदाची घडी घातली, पानाच्या डब्यात ठेवली आणि सगळे रोजे ठेवले. एकदा अस्रनंतर साखर उतरून ती मोरीजवळ पडली.

ती एकटीच अशी नाही. भारतासह 13 देशांत 2001 मध्ये झालेल्या एपिडायर पाहणीत टाइप 2 मधुमेह असलेल्या सुमारे 79 टक्के लोकांनी किमान 15 रोजे ठेवले होते, आणि रमजानमध्ये साखर गंभीरपणे उतरण्याचं प्रमाण वाढलं होतं. म्हणजे 'करू नये' लिहून कागद बाजूला सारला, तरी माणूस रोजा ठेवतोच. त्याला कुणीतरी सहरीला काय खायचं, गोळ्यांची वेळ डॉक्टरांकडून कशी बदलून घ्यायची, साखर किती उतरली की रोजा तिथेच सोडायचा, हे सांगायला हवं असतं. काहींना तर ठेवूच नका असंही सांगावं लागतं, पण समोर बसून, कारणासकट.

हे काम कुणाचं, हे ठरायलाच आपल्याकडे उशीर झाला. पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातली इंटर्नशिप आणि मग इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा, असा 'रजिस्टर्ड डाएटिशियन'चा रस्ता आहे. पण या पेशाला देशपातळीवर कायद्याच्या चौकटीत आणणारा अलाइड हेल्थकेअरचा कायदा आला तो 2021 मध्ये. तोवर पाटी लावायला रंगाचा डबा पुरत होता.

गेल्या सुट्टीत भाची घरी आली आणि नानीसमोर वही घेऊन बसली. काल सकाळपासून काय काय खाल्लं, किती, कोणत्या वाटीने? अम्मी आधी हसली, मग खरं बोलू लागली. रात्री बिस्किटं खाते, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

अडलं ते खलियावर. नान-खलिया ही आमच्या शहराची ओळख, महंमद तुघलकाच्या फौजेबरोबर दौलताबादला आली असं सांगतात. पण 2017 च्या राष्ट्रीय तक्त्यांतले 528 पदार्थ मुख्यतः कच्चे आहेत, त्यात खलिया कुठून मिळणार? मग भाचीने काटा आणला. गोश्त, तेल, कांदा, खोबरं, सगळं डेगचीत पडण्याआधी तोलायचं ठरलं. अम्मी तेलाची बरणी हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तोलना है तो तोल ले. मगर आज मैं कमच डालूंगी."

"नको नानी," भाची म्हणाली, "रोज घालतेस तेवढंच घाल."